पोस्टग्रेस: पलीकडच्या टेबलात इथून काय बदलता येतं?

पोस्टग्रेसमध्ये 'फॉरेन टेबल' बनवलं की दुसऱ्या सर्व्हरवरचा डेटा आपल्याच डेटाबेसात असल्यासारखा दिसतो. २०१३ च्या ९.३ आवृत्तीत 'पोस्टग्रेस एफडीडब्ल्यू' (फॉरेन डेटा रॅपर) हे एक्स्टेन्शन आलं आणि इन्सर्ट, अपडेट, डिलीटही इथूनच करता येऊ लागलं. ट्रंकेटसाठी मात्र २०२१ ची १४ वी आवृत्ती उजाडावी लागली!

पण टेबलाची रचना? तिला इथून धक्का लागत नाही. 'ऑल्टर फॉरेन टेबल'ने कॉलम वाढवलात तर तो फक्त स्थानिक व्याख्येत वाढतो. पलीकडच्या टेबलाला त्याचा पत्ताही नसतो. मग तो कॉलम मागणारी क्वेरी एरर घेऊन परतते. फॉरेन टेबल ड्रॉप केलंत तरी खरं टेबल जागेवरच. (ही मर्यादा मला तरी वरदान वाटते.)

फॉरेन टेबलात इन्सर्ट करताना 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट'ही चालत नाही.

सगळ्यात जपायचं ते ट्रान्झॅक्शनला. पोस्टग्रेस एफडीडब्ल्यूमध्ये टू-फेज कमिटची सोय नाही. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन दूरच्या सर्व्हरवर लिहिलंत, पहिल्यावर कमिट झालं आणि तेवढ्यात दुसऱ्याचं कनेक्शन तुटलं, तर पहिल्यावरचे बदल आपोआप मागे येत नाहीत. पैशांच्या नोंदी असतील तर मी लिहिणं एकाच सर्व्हरवर ठेवतो, दुसरीकडचं फक्त वाचतो.