कोंबडी ओरडते तेव्हा काय सांगते?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज बोलायचंय कोंबडीच्या आवाजाबद्दल. आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या दारात दहा-पंधरा गावरान कोंबड्या असतात. अंड्यांचे पैसे बाईच्या हातात राहतात, कुणाला मागावे लागत नाहीत. मुंगसानं अंड्यावर आलेली तलंग उचलली, की तेवढी कमाई बुडाली. पण मुंगूस झडप घालायच्या आधी कोंबड्यांनी बहुतेक वेळा ओरडून सांगितलेलं असतं.

अभ्यासकांनी कोंबडीचे सुमारे 24 आवाज वेगळे काढले आहेत. आपल्याला पाच-सहा ओळखता आले तरी पुष्कळ.

आधी धोक्याचा आवाज घेऊ. तो दोन तऱ्हेचा असतो. वर घार किंवा शिक्रा दिसला की कोंबडा एक बारीक, लांब, किंचाळल्यासारखा सूर काढतो. तो ऐकला की कोंबड्या आडोशाला पळतात, नाहीतर जागीच अंग चोरून बसतात. कुत्रं, मांजर किंवा मुंगूस आलं तर मात्र ‘कॉक कॉक कॉक कॉऽऽक’ असा तुटक, मोठा कालवा चालू होतो. माना ताठ होतात. ख्रिस इव्हान्स आणि पीटर मार्लर या अभ्यासकांनी कोंबड्यांना हे आवाज नुसते ध्वनिमुद्रणातून ऐकवले. समोर घारही नव्हती आणि दुसरं जनावरही नव्हतं. तरी पहिल्या आवाजाला कोंबड्या दबून बसल्या, वर बघू लागल्या. दुसऱ्याला मान उंच करून आजूबाजूला बघू लागल्या. हा अभ्यास 1993 साली छापून आला. म्हणजे बारीक सूर आला तर आधी पिल्लं डालग्याखाली घ्या. तुटक कालवा आला तर काठी घ्या आणि कुंपणाकडे बघा.

आता तुम्ही म्हणाल, अंडं दिल्यावरही कोंबडी असंच ओरडते की! खरंय, दोन्ही आवाज सारखेच वाटतात. म्हणून एका कोंबडीकडे बघू नका, बाकीच्यांकडे बघा. एकटी ओरडतेय आणि इतर निवांत उकिरडा उकरतायत, तर जाऊन अंडं उचला. सगळ्यांनी चरणं थांबवलंय, एकीमागून एक ओरडतायत, तर धावा.

अंडं देण्याआधी कोंबडी वेगळाच सूर लावते. लांबट, कुरकुरल्यासारखा. कोपरे धुंडाळते, घरात शिरते, पुन्हा बाहेर जाते. तिला जागा हवी असते. अंधाऱ्या कोपऱ्यात भुसा घालून एक पाटी ठेवा. नाहीतर ती शेजारणीच्या कडब्याच्या गंजीत अंडं घालेल, आणि मग भांडण कोंबड्यांचं राहत नाही. भूक-तहान भागली नाही तरी असाच सूर निघतो, म्हणून पाण्याचं भांडंही बघा.

खुडूक कोंबडीचं ‘खुड् खुड्’ तर सगळ्यांना माहीत आहे. पिसं फुलवते, हात लावला की चोच मारते. पिल्लं काढायची असतील तर अंडी ठेवा, 21 दिवस लागतात. शेवटच्या एक-दोन दिवसांत पिल्लू अंड्याच्या आतूनच आवाज देतं आणि आई त्याला उत्तर देते. शांत वेळी ऐकून बघा. पिल्लं नको असतील तर काही जणी तिच्या नाकात पीस खुपसतात. तसं करू नका. तीन-चार दिवस खालून वारा लागेल अशा जाळीच्या उंच पिंजऱ्यात ठेवा, दाणा-पाणी द्या, ती खुडूकपणा सोडते.

पिल्लं हळू ‘चिव चिव’ करत असली की सुखात आहेत. चढ्या आवाजात एकसारखी ‘चीं चीं’ करत असतील तर थंडी, भूक, नाहीतर आई दिसत नाही. बल्बखाली एकमेकांना चिकटून बसली तर बल्ब खाली घ्या. चोच उघडी टाकून लांब गेली तर वर घ्या.

कोंबडा दाणा दिसला की ‘टुक टुक’ करून कोंबड्यांना बोलावतो. कधीकधी दाणा नसतानाही बोलावतो बरं का!

शेवटचा आवाज रात्रीचा. कोंबड्या बसल्या की खुराड्याजवळ जाऊन गपचूप उभ्या राहा. घरघर, शिंक किंवा खोकल्यासारखा आवाज आला तर तो पक्षी लगेच वेगळा करा आणि सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. ही राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, सुरुवात असू शकते. त्या रोगावर औषध नाही, लसच आहे: पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब, पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बीचं इंजेक्शन. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा जास्त पक्ष्यांची मात्रा असते आणि ती उघडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून एकटीनं आणू नका. गटाच्या बैठकीत दिवस ठरवा आणि त्या दिवशी गल्लीतले सगळे धडधाकट पक्षी एकदमच टोचून घ्या.