जुन्या रायफलीचा नेम का चुकतो?

चिखलदऱ्याच्या पठारावर पावसाळ्यात धुक्याचे राज्य असते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील या गावी ज्या ओलसर हवेवर कॉफीची झाडे पोसतात, तीच हवा पोलाद आणि लाकूड या दोहोंची वैरीण होय. तेथील एखाद्या बंगल्याच्या कपाटात, चामडी पिशवीत घातलेली एक ‘पॉइंट टू टू’ रायफल चार पावसाळे तशीच पडून राहिली. पुढे ‘जपून ठेवलेली, फारशी न वापरलेली’ अशा शिफारशीसह अमरावतीच्या एका गृहस्थाने, घरातील नेमबाजी शिकणाऱ्या मुलीच्या सरावासाठी, रीतसर परवान्यावर ती विकत घेतली, अशी कल्पना करावी. पहिल्याच दिवशी चांदमारीवर गोळ्या कागदी लक्ष्यावर अक्षतांसारख्या विखुरतात. मग घरात दोन निकाल दिले जातात. नळी झिजली, पैसे बुडाले, हा एक. आणि मुलीचा हात स्थिर नाही, हा दुसरा. पहिल्याने खिशास चाट बसते, दुसऱ्याने मुलीचा धीर खचतो, आणि पुष्कळ वेळा हे दोन्ही निकाल चुकीचे असतात. नळी हा या खटल्यातील शेवटचा आरोपी होय. तिच्या आधी चौकशीस उभे करावयाचे असे चारपाच संशयित आहेत, व त्यांपैकी बहुतेकांचा बंदोबस्त अल्प खर्चात होतो.

ही रायफल दिसावयास लहान असली तरी तिला खेळणे समजणे मोठे अज्ञान ठरेल. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळविले, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकाविले, ते याच काडतुसाच्या बळावर. त्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. जुन्या रायफलीकडून असल्या कामगिरीची अपेक्षा कोणी करू नये. परंतु टेकूवर ठेवून झाडलेल्या पाच गोळ्या ५० मीटरवर एक इंचाच्या आसपास जमू लागल्या, तर शिकाऊ नेमबाजाने समाधान मानावे.

परीक्षा कोठे घ्यावी याविषयी मात्र संशय नसावा. या काडतुसाच्या डब्यावर गोळी सव्वा ते दीड मैल जाऊ शकते अशी सूचना असते, ती उगाच नव्हे. चिखलदऱ्याभोवतीचे रान हे १९७३–७४ मध्ये स्थापन झालेल्या मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचे रान आहे. तेथे दरीच्या काठावर उभे राहून ‘दोन गोळ्या मारून पाहणे’ हा गुन्हा आहे आणि वेडेपणाही. मागे पक्का मातीचा बांध असलेली अधिकृत चांदमारी हीच त्यास जागा. आणि रायफल हाती घेताच प्रथम बोल्ट उघडून नळी रिकामी असल्याची खात्री करावी, मग बाकीचे सारे.

पहिली चौकशी माणसाची. हीच रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून एखाद्या कसलेल्या नेमबाजाकडून चालवून घ्यावी, आणि मुलीने त्याची खात्रीची रायफल चालवावी. एका सकाळीत निम्मा वाद मिटतो. सकाळ म्हणण्याचे कारण असे की, ताशी १५ किलोमीटर वेगाचा आडवा वारा ५० मीटरवर या गोळीस सुमारे ३ सेंटीमीटर बाजूस सारतो. दुपारच्या वाऱ्यात घेतलेल्या परीक्षेवरून कोणताच निवाडा करता येत नाही.

दुसरी चौकशी काडतुसाची, आणि येथे थोडे थांबणे अवश्य आहे. या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी टोपी नसते. पेटता मसाला पितळी बुडाच्या पोकळ कडेत बसविलेला असतो. पिनेच्या ठोक्याने कड चेपली की तो पेटतो. गोळी शिशाची, वजनाने अवघी २.६ ग्रॅम. साध्या जातीच्या काडतुसातून ती सेकंदास सुमारे ३३० मीटर वेगाने सुटते, आणि नळीतील पिळाच्या खाचांमुळे सेकंदास सुमारे ८०० गिरक्या घेत जाते. ५० मीटर जाईपर्यंत ती बारा सेंटीमीटरांहून किंचित अधिक खाली येते. आता एका काडतुसाची गोळी ३२५ मीटर आणि दुसऱ्याची ३३५ मीटर वेगाने निघाली, तर एवढ्याच फरकाने लक्ष्यावर सुमारे ८ मिलिमीटरांचे अंतर पडते. दहाच्या वर्तुळाची रुंदी आठवली म्हणजे हा फरक केवढा ते कळेल. म्हणून निरनिराळ्या कंपन्यांची चारपाच प्रकारची काडतुसे आणून पाहावीत. महाग ते चांगले, हा नियम येथे लागू नाही. एका नळीस जे मानवते ते शेजारच्या नळीस मानवेलच असे नाही. ‘हाय व्हेलॉसिटी’ असे मिरविणारी काडतुसे शिकारीच्या कल्पनेने बनविलेली असतात. त्यांची गोळी ध्वनीहून अधिक वेगाने निघते, आणि वाटेत वेग उतरताना डगमगते. कागदावर नेम साधणाऱ्याने ती दुकानातच राहू द्यावीत.

या परीक्षेत एक फसगत हमखास होते. शिशाच्या गोळीवर मेणाचा वा चरबीचा पातळ लेप असतो, आणि तो नळीस आतून लागून तिचा पृष्ठभाग एकसारखा होतो. काडतुसाची जात बदलली किंवा नळी घासून स्वच्छ केली की पहिल्या दहावीस गोळ्या भरकटतात. अधीर माणूस पाच गोळ्या झाडून काडतुसास नापास करतो, जणू पहिल्याच दिवशी शाळेत आलेल्या मुलास परीक्षेस बसवावे.

गोळ्या कागदावर कशा पडतात हे नीट पाहिले, तर कागदच पुष्कळ काही सांगतो. दोन वेगवेगळे पुंजके पडत असतील, तर कोठे तरी स्क्रू ढिला आहे: माशीचा, दुर्बिणीचा, अथवा दस्ता व यंत्र जोडणारा. हे स्क्रू नेमके घट्ट असावेत. मनगटाचे सारे बळ लावून आवळणे हाही बिघाडच. उभी रांग पडत असेल, तर काडतूस किंवा ठोका सदोष समजावा. स्प्रिंग थकली, पिनेचे टोक झिजले, अथवा बोल्टच्या पोकळीत जुने तेल गोठून चिकट झाले, की कड पुरती चेपत नाही, मसाला एकसारखा पेटत नाही, आणि वेग कमीअधिक होतो. झाडलेल्या रिकाम्या काडतुसांच्या कडा ओळीने मांडून पाहाव्यात; ठशांची खोली सारखी नसेल, तर रोग सापडला. काही जुन्या रायफलींत रिकामा चाप ओढल्याने पिन नळीच्या कडेवर आदळून तेथे खळगी पडते, व पुढे काडतूस नीट बसत नाही. नवख्यांचा हा चाळा वेळीच थांबवावा.

नळी तापत जाईल तसा पुंजका सरकत असेल, किंवा भाद्रपदात एकीकडे आणि वैशाखात दुसरीकडे नेम लागत असेल, तर दोष लाकडाचा. चिखलदऱ्यास फुगलेला दस्ता वऱ्हाडच्या उन्हाळ्यात आकसतो आणि नळीस कधी डावीकडून, कधी खालून रेटतो. कागदाची पट्टी नळी व दस्ता यांच्या मधून सरकवून पाहावी. एके जागी अडकली, दुसरीकडे सैल गेली, म्हणजे लाकूड टेकते आहे. नळी मोकळी राहण्याजोगी तयार केलेली असेल, तर तेवढे लाकूड हलक्या हाताने खरवडून तेथे पुन्हा रोगण लावणे पुरते. काही जुन्या रायफलींत मात्र पुढे मुद्दाम टेकू ठेवलेला असतो, तो खरवडू नये.

मग मळाची पाळी. काडतूस बसते त्या जागेच्या लगेच पुढे शिसे व जळका मसाला मिळून कठीण कडे धरते. वरवर चिंधी फिरवून ते निघत नाही. मऊ पितळी ब्रश व योग्य द्रव वापरून, गज शक्य तो मागच्या बाजूने घालून ते काढावे. पुढच्या तोंडाने गज घालीत राहिल्यास तोंडाची कड घासली जाते, आणि गोळीचे बूड नळी सोडते ती जागा हीच. तेथे एका बाजूस टवका असेल, तर निसटता वायू गोळीस आडवा धक्का देतो. कापसाचा बोळा कडेवरून फिरवावा. तंतू अडकले की टवका सापडला. ती कड नव्याने कापून घेणे हे नवी नळी बसविण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमान्वये शस्त्रदुरुस्तीस परवाना लागतो, म्हणून हे काम घरच्या कानशीचे अथवा ओळखीच्या लेथवाल्याचे नव्हे, परवानाधारक कारागिराचे आहे.

एवढे होऊनही पुंजका जमत नसेल, तेव्हा नळीकडे वळावे. बोल्ट काढून पांढऱ्या कागदाच्या उजेडावर आतून पाहावे. बर्मिंगहॅमची बीएसए असो, चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो असो की ईशापूरची असो, नावावर जाऊ नये. जुन्या काळच्या काडतुसांत क्लोरेटयुक्त मसाला असे. त्याचा क्षार नळीत राहून हवेतील ओल शोषून घेई व पोलाद खाई. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून ज्यांनी नळीस केवळ तेल पाजले त्यांच्या रायफली आतून सडल्या. सर्वत्र पसरलेला बारीक खरबरीतपणा असूनही काही नळ्या समाधानकारक नेम देतात. पुढच्या तोंडाजवळील खड्डे मात्र नडतात. घट्ट चिंधी हळू सरकवताना एके ठिकाणी ती एकाएकी सैल झाली आणि तेथे काळसर वलय दिसले, तर अडकलेल्या गोळीमागून दुसरी झाडल्याने नळी तेथे फुगली आहे. अशी रायफल सोडून द्यावी. कागदावर छिद्रे गोल न पडता लांबट पडू लागली, तर गोळी आडवी होऊन जात आहे, म्हणजे नळीतील पीळ तिला धरीत नाही.

चिखलदऱ्यास ज्यांना रायफल ठेवावयाची आहे त्यांनी ती चामडी वा लोकरी पिशवीत कधीही ठेवू नये, कारण त्या ओल धरून ठेवतात. कुलूपबंद लोखंडी कपाट, त्यात ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी, नळीस आतबाहेर पातळ तेलाचा हात, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्यास एकदा उघडून पाहणे, एवढे लागते. झाडण्यापूर्वी ते तेल कोरड्या चिंधीने पुसून काढावे लागते. तेलकट नळीतून निघालेली पहिली गोळी भलतीकडे जाते.