चालू यंत्रातून उपकरण काढताना : आभासी यंत्राच्या चालकातील अवस्थाविचार

संगणक चालू असतानाच त्यास एखादे उपकरण जोडणे अथवा त्यातून काढून घेणे, या क्रियेस 'हॉट-प्लग' ही संज्ञा रूढ आहे. यांपैकी जोडणीचा भाग त्या मानाने सोपा. खरी अडचण काढून घेण्याची. कारण उपकरण गेले तरी त्याचा उपयोग करणारे गेलेले नसतात. आभासी यंत्रात, म्हणजे एका प्रत्यक्ष संगणकावर आज्ञावलीच्या साहाय्याने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, ही अडचण अधिकच तीव्र होते. तेथे उपकरण काढून घेणे म्हणजे यजमान यंत्राने पाठविलेला केवळ एक संदेश होय. आणि तो अतिथी यंत्रातील कार्यक्रमांच्या सोयीची वाट पाहत नाही. हा संदेश मिळताच उपकरणाच्या चालकाने, म्हणजे ड्रायव्हरने, काय करावे व कोणत्या क्रमाने करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

हे उदाहरण आपल्या परिसराशी निगडित आहे. लिनक्स कर्नलमधील 'व्हर्टिओ-कन्सोल' या चालकास एकाच वेळी अनेक पोर्ट हाताळण्याची क्षमता २०१० साली प्राप्त झाली, ती रेड हॅटचे पुणे येथील अभियंते अमित शाह यांच्या कामामुळे. येथे पोर्ट म्हणजे यजमान व अतिथी यांच्यामधील संभाषणाचा एक मार्ग. बॅकअप घेण्यापूर्वी अतिथी यंत्रातील फाइल-व्यवस्था क्षणभर स्थिर करण्याची आज्ञा 'गेस्ट एजंट' या कार्यक्रमास सामान्यतः अशाच पोर्टावाटे मिळते. असा पोर्ट चालू यंत्रास जोडता येतो, तसाच काढूनही घेता येतो.

दोष उद्भवला तो याच ठिकाणी. प्रत्येक पोर्टाची माहिती कर्नल आपल्या स्मृतीत एका रचनेत ठेवतो. एखाद्या कार्यक्रमाने पोर्ट उघडला की त्याच्या हाती त्या रचनेचा पत्ता अप्रत्यक्षपणे राहतो. पोर्ट काढल्याचा संदेश येताच चालक ती रचना नष्ट करी. कार्यक्रमाच्या हाती मात्र जुनाच पत्ता उरे. पुढचे कोणतेही वाचन वा लेखन त्या मोकळ्या केलेल्या स्मृतीवर जाऊन आदळे आणि कर्नलच कोसळे. कर्नल कोसळला म्हणजे ज्यांचा या पोर्टाशी काडीमात्र संबंध नाही असे कार्यक्रमही त्याबरोबर बंद पडतात.

यावरील उपायाचे तत्त्व पिंपरी, भोसरी वा चाकण येथील कारखान्यांत काम केलेल्या कोणासही अपरिचित नाही. मोठे यंत्र दुरुस्तीस घेताना त्याचा मेन स्विच बंद करून त्यास कुलूप लावण्याची व पाटी अडकविण्याची पद्धत आहे. पाच जण यंत्रावर काम करीत असतील तर पाचांची पाच कुलपे एकाच कडीत पडतात, आणि शेवटचे कुलूप निघेपर्यंत स्विच चालू करता येत नाही. आत किती जण आहेत हे मुकादमाच्या स्मरणावर अवलंबून नसते. ते कुलपांच्या संख्येवरूनच ठरते. संगणकशास्त्रात यासच संदर्भगणन म्हणतात.

२०१० सालीच झालेल्या दुरुस्तीत पोर्टाच्या रचनेस असे संदर्भगणन लावण्यात आले आणि काढून घेण्याच्या क्रियेचे दोन टप्पे करण्यात आले. पहिल्या टप्प्यात पोर्ट अनुपलब्ध ठरवावयाचा, रांगांतील बफर काढून घ्यावयाचे व उपकरणाच्या यादीतून पोर्टाचे नाव वगळावयाचे. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे शेवटचा संदर्भ सुटल्यावरच, उरलेली स्मृती मोकळी करावयाची. कर्नल कोसळण्याचे मुख्य कारण याने दूर झाले.

तथापि प्रश्न येथे संपला नाही, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने पुढील भागच अधिक उद्‌बोधक आहे. कोणती गोष्ट कोणत्या टप्प्यात घालावी, यात चूक राहून गेली होती. पोर्टाच्या फाइलरूपी नोंदी दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवल्या होत्या. परिणामी, उघडा असलेला पोर्ट काढून त्याच नावाचा नवा पोर्ट जोडू गेल्यास जोडणी फसे. कारण जुन्याचे नाव अद्याप अडून बसलेले असे. एका कामगाराचे कुलूप निघाले नाही म्हणून भंगारात गेलेल्या यंत्राचा क्रमांक नव्या यंत्रास देता येऊ नये, तशातलाच हा प्रकार. जुलै २०१३ मधील दुरुस्त्यांनी या नोंदी तत्काळ काढून टाकण्याची व्यवस्था केली.

त्याच मालिकेत आणखी दोन दोष निवारले गेले. पोर्ट शोधणे व त्याचा संदर्भ घेणे या दोन क्रियांमध्ये क्षणभराचे अंतर होते. तेवढ्यात पोर्ट निघून गेल्यास हाती पुन्हा मृत पत्ताच येई. यंत्रात शिरल्यावर मग कुलूप शोधणाऱ्या कामगारास जो धोका, तोच हा. म्हणून शोधतानाच संदर्भ घेण्याचे ठरले. दुसरा दोष उत्तराविषयीचा. काढलेल्या पोर्टावरून वाचू पाहणाऱ्या कार्यक्रमास शून्य हे उत्तर मिळे. त्याचा अर्थ 'पलीकडे कोणी जोडलेले नाही' एवढाच. 'पोर्टच नाहीसा झाला' असा नव्हे. कार्यक्रम मग न येणाऱ्या जोडणीची वाट पाहत बसे. दुरुस्तीनंतर प्रत्येक वाचनास 'असे उपकरण नाही' या अर्थाचा स्पष्ट त्रुटिसंकेत मिळू लागला. लेखनाच्या बाबतीत ही प्रथा आधीपासूनच होती.

या सर्वांवरून एक सामान्य सिद्धान्त हाती येतो. उपकरण 'आहे' किंवा 'नाही' अशा दोनच अवस्था मानणारा चालक सदोष राहणारच. उपकरणाचे नाव, त्याची सेवा आणि त्याची स्मृती या तीन वस्तू भिन्न असून त्यांचा अंत एकाच क्षणी होत नाही. नाव तत्काळ मोकळे झाले पाहिजे, अन्यथा नव्यास जागा मिळत नाही. सेवा तत्काळ थांबली पाहिजे, आणि थांबल्याचे स्पष्टपणे कळविले पाहिजे. स्मृती मात्र शेवटचा उपयोजक दूर होईपर्यंत टिकली पाहिजे. २०१० च्या दुरुस्तीने तिसरी अट पुरी केली. पहिल्या दोन पुऱ्या होण्यास आणखी तीन वर्षे लागली.

चालक लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या रचनेतील प्रत्येक घटकाविषयी तो या तिहींपैकी कशात मोडतो, हा प्रश्न कागदावरच सोडवावा. एरवी त्याचे उत्तर कोसळलेल्या यंत्राच्या नोंदवहीतून शोधण्याची पाळी येते.