अपंगत्व आलं म्हणून नोकरी जात नाही

अपघातात एसटी चालकाचा पाय गेला किंवा शिक्षिकेची दृष्टी गेली, की घरात राजीनाम्याची भाषा सुरू होते. कृपया घाई करू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या कलम २० नुसार, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही, पदावनतही करू शकत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं; तसं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा पदावर ठेवायचं. भरतीतलं ४ टक्के आरक्षण पुष्कळांना ठाऊक असतं, पण संकटाच्या दिवशी हेच कलम घर सावरतं. खासगी नोकरीत मात्र एवढं संरक्षण नाही. तिथे २० किंवा अधिक कर्मचारी असल्यास आस्थापनेचं समान संधी धोरण मागून घ्या.