आपल्या दुःखावर हसायचे कुणी?

गेल्या वर्षी एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एका विद्यार्थ्याने माइक हातात घेतला आणि दहा मिनिटे तो स्वतःच्या घराविषयी बोलला. बापाची दारू, शिष्यवृत्तीच्या खिडकीपुढची रांग, वर्गात आडनाव सांगितल्यावर पडणारी शांतता. सभागृह हसत होते. पुढच्या रांगेतले प्राध्यापक हसत होते, मागे उभी असलेली वस्तीतली पोरेही हसत होती. मी मात्र मध्येच थांबलो. पुढचे आणि मागचे एकाच गोष्टीला हसत होते काय? घरात पदवी घेणारा मी पहिला. याच गोष्टी मी कैक वर्षे लपवीत आलो. कार्यक्रम संपल्यावर तो जवळ आला. "सर, चुकलं का माझं?" मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

एकट्याने उभे राहून, रंगभूषा-नेपथ्याशिवाय, स्वतःच्या आयुष्याची फजिती लोकांपुढे मांडणे हा प्रकार आज आपल्याकडेही रुजला आहे. दलित तरुण-तरुणीही त्यात उतरू लागली आहेत. या प्रकारातला कबुलीचा प्रवाह समजून घ्यायचा तर अमेरिकेतील काळा विनोदकार रिचर्ड प्रायर याच्याकडे जावे लागते.

प्रायर १९४० साली इलिनॉय राज्यातील पिओरिया गावी जन्मला. त्याची आजी कुंटणखाना चालवीत असे, आई तेथेच शरीरविक्रय करीत असे. आजीनेच त्याला वाढविले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. १९६३ साली तो न्यूयॉर्कला आला आणि त्या काळी गाजत असलेल्या बिल कॉस्बीच्या वळणाचे, गोऱ्या कुटुंबांना न खुपणारे विनोद करू लागला. पैसा मिळाला, दूरचित्रवाणीवर जागा मिळाली. परंतु त्या विनोदात पिओरिया नव्हते, आजी नव्हती, आई नव्हती. १९६७ साली लास व्हेगासच्या एका हॉटेलात भरल्या प्रेक्षागारासमोरून तो कार्यक्रम अर्धवट टाकून निघून गेला. पुढे काही काळ तो बर्कलीत राहिला. तेथे त्याने माल्कम एक्सचे विचार वाचले, काळ्या लेखकांच्या संगतीत वावरला. परतला तेव्हा त्याच्या तोंडी त्याच्या गल्लीची भाषा होती. जी शिवी गोऱ्यांनी काळ्यांच्या तोंडावर फेकली, तीच त्याने १९७४ च्या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकात घातली.

हा काळ आपल्याला परका नाही. ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे प्रायरचा तो प्रसिद्ध प्रयोग चित्रित झाला, जो १९७९ साली पडद्यावर आला. दोघांनी एकमेकांचे नाव ऐकले असेल असे मानायचे कारण नाही. परंतु जे झाकून ठेवायला शिकविले गेले, ते उघड्यावर मांडण्याची गरज दोन्हीकडे एकाच सुमारास पिकली होती. आणि "आपली घाण चव्हाट्यावर कशाला?" हा प्रश्न आपल्या आत्मकथनकारांना आपल्याच लोकांनी विचारला होता, हेही विसरून चालणार नाही.

आता प्रायर हे कसे करतो ते पाहू. त्याला हृदयविकाराचा झटका आला होता. रंगमंचावर तो आपल्या हृदयालाच वाचा देतो. हृदय एखाद्या दांडगट पोलिसासारखे त्याला दरडावते, गुडघ्यावर आणते, आणि प्रायर जमिनीवर लोळत गयावया करतो. येथे एकाच माणसाचे दोन होतात. एक मार खाणारा, दुसरा तो मार बघून सांगणारा. 'बलुतं'मध्येही दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. ही युक्ती केवळ कलेची नव्हे. आपल्याला लाज वाटते तोवर आपण आणि आपले दुःख यांत अंतर नसते. अंतर पडले की दुःख बघता येते, आणि मग ते कुणी दिले हेही दिसू लागते.

दुसरी गोष्ट प्रेक्षागाराची. त्याच प्रयोगात पोलीस काळ्या माणसाचा गळा आवळून कसे मारतात ते तो करून दाखवितो. काळ्या प्रेक्षकांना ते ठाऊकच असते, गोऱ्यांना ते खरे वाटत नाही, आणि हा फरकच तो विनोदाचा विषय करतो. काळा हसतो तो ओळखीने, गोरा हसतो तो अवघडून. २०२० साली मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला, तेव्हा जगाला जे 'कळले' ते प्रायर चाळीस वर्षांपूर्वी सांगून चुकला होता.

परंतु कबुली म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. जून १९८० मध्ये कोकेनच्या आहारी गेलेला प्रायर पेटत्या अंगाने रस्त्यावर धावला. शरीराचा सुमारे अर्धा भाग भाजला. १९८२ च्या चित्रपटात त्याने यावरही हसविले. नशेची चिलीम त्याच्याशी गोड बोलते, मित्रांपासून तोडते, हा त्यातला भाग अंगावर काटा आणतो. पण आग कशी लागली हे त्याने तेथे थट्टेवारी नेले. तो अपघात नव्हता, आपणच स्वतःला पेटविले, हे त्याने १९८६ च्या सुमारास कबूल केले. म्हणजे सारे सांगून टाकल्याचा भास होतो तेथेही एक दार बंद असते. हशा ते दार झाकूही शकतो.

हाच मुद्दा ऑस्ट्रेलियाच्या हॅना गॅड्सबी यांनी 'नॅनेट' या २०१८ साली जगभर दाखविल्या गेलेल्या प्रयोगात मांडला. विनोदाला दोनच भाग लागतात, ताण आणि सुटका. गोष्टीला मात्र शेवटही असतो. हशासाठी तो शेवट छाटावा लागतो, आणि परिघावरच्या माणसाने स्वतःची थट्टा करणे ही नम्रता नव्हे, मानहानी आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

आणखी एक आक्षेप आपण घेतला पाहिजे. पत्नी घर सोडून निघाली म्हणून प्रायरने मोटारीवर गोळ्या झाडल्या, आणि पुढे तोच प्रसंग विनोद म्हणून सांगितला. प्रेक्षक हसले. परंतु त्या बाईच्या हाती माइक नव्हता. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये आपल्याच घरांत बायांना झालेला मार बाईच्या तोंडून येतो, तेव्हा तो विनोद राहत नाही. आपली कबुली देताना दुसऱ्याची जखम आपल्या खात्यावर मांडण्याचा अधिकार कुणालाच नाही.

मग त्या विद्यार्थ्याला काय सांगायचे? पोरा, तू बोललास ते चुकले नाही. लाज आपली नव्हती, ती आपल्यावर लादलेली होती. ती खाली ठेवलीस हे बरे केलेस. पण तीन गोष्टी दर वेळी तपास. हशा पिकतो तेव्हा शिष्यवृत्तीची ती खिडकी उघडी पडते, की रांगेतला तू? बापाच्या दारूवर हसलेल्यांना त्याच्या हाताला कसले काम होते हे कळले का? आणि त्या घरातल्या आईचे काय? ती तुझ्या दहा मिनिटांत कुठेच नव्हती.

शेवटी एक. केनियाहून आल्यावर प्रायरने ती शिवी पुन्हा उच्चारायची नाही असे ठरविले. सर्वांत जास्त टाळ्या मिळवून देणारा शब्द त्याने स्वतःहून टाकला. कुठे हसवायचे हे कौशल्याने कळते. कुठे हसविणे थांबवून गोष्ट शेवटापर्यंत सांगायची, हे स्वाभिमानाने कळते. पुढच्या संमेलनात तू पुन्हा उभा राहा. मी या वेळी मागच्या पोरांत उभा असेन.