हरवलेला साप कुठे शोधावा?

इंग्लंड-अमेरिकेत साप पाळणे ही फारशी नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. आपल्याकडे दिवाणखान्यात माशांची काचपेटी असते, तशी तिकडच्या अनेक घरांत सापाची पेटी असते आणि तिच्यात बहुधा कॉर्न स्नेक असतो. हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. लांबी साधारण तीन-चार फूट, रंग नारिंगी-तांबडा, स्वभाव शांत. कुणी म्हणतात, त्याच्या पोटावरची चौकडी मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून हे नाव पडले. कुणी म्हणतात, मक्याच्या कोठारात उंदरांमागे यायचा म्हणून. आपल्याकडचा तस्कर हा त्याचा नातेवाईक म्हणता येईल. शास्त्रज्ञ पूर्वी दोघांनाही एलाफे या एकाच प्रजातीत घालत असत.

समजा, अशा एका घरात सकाळी पाहावे तर पेटीचे झाकण बोटभर सरकलेले आहे आणि साप नाही. मग काय होते? घरातली मुले रडतात, मोठी माणसे सोफा उलटा करतात, कपाटे ओढतात, गाद्या झटकतात. सगळे घर उसकटले जाते आणि साप सापडत नाही. याचे कारण साप हुशार असतो हे नव्हे. माणसे आपल्या सोयीने शोधतात, सापाच्या सोयीने शोधत नाहीत. ‘साप कुठे लपला असेल?’ यापेक्षा ‘या क्षणी त्याच्या शरीराला काय हवे आहे?’ हा प्रश्न अधिक कामाचा आहे, आणि तो सरळसरळ जीवशास्त्राचा प्रश्न आहे.

पाठ्यपुस्तकांत आपण साप, पाल, कासव यांना ‘थंड रक्ताचे प्राणी’ म्हणतो. आमच्या मते हा शब्द फार फसवा आहे. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोन अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सरड्यांचे आणि सापांचे तापमान थर्मामीटरने मोजले आणि १९४४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथला डेझर्ट इग्वाना नावाचा सरडा हिंडता-फिरताना अंगाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतो. म्हणजे त्याचे रक्त आपल्या रक्तापेक्षा गरमच! फरक आहे तो उष्णता कुठून येते यात. आपण ती अन्न जाळून शरीरात तयार करतो. सरपटणारे प्राणी ती बाहेरून घेतात : उन्हात जाऊन, तापलेल्या दगडाला पोट लावून. नको झाली की सावलीत किंवा बिळात शिरतात. आपल्या शरीरात जे काम आपोआप चालते, ते त्यांना जागा बदलून करावे लागते.

हे एकदा लक्षात आले की घराकडे पाहण्याची दृष्टी बदलते. आपल्या लेखी घर म्हणजे खोल्या. सापाच्या लेखी घर म्हणजे कमी-जास्त तापमानांचा एक नकाशा. कॉर्न स्नेकला साधारण २४ ते ३० अंशांच्या दरम्यान बरे वाटते. इंग्लंडातल्या हिवाळ्यात दिवाणखाना १८-२० अंशांवर असतो आणि जमीन त्याहून थंड. तेव्हा तो भिंतीलगतच्या रेडिएटरमागे, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात किंवा फ्रिजमागे कॉम्प्रेसरजवळ असण्याची शक्यता मोठी. यावरून साप पाळणारे पुष्कळ जण एक सोपा नियम काढतात : ‘गरम जागा शोधा.’ हा नियम अपुरा आहे. हाच साप मे महिन्यात नागपूरच्या घरात आहे अशी कल्पना करा. खोलीत ४० अंश तापमान असताना तो कॉम्प्रेसरजवळ कशाला जाईल? तो मोरीत, माठाच्या तिवईखाली किंवा तळमजल्यावरच्या फरशीला चिकटून मिळेल. नियम एकच, उत्तरे दोन आणि तीही उलटसुलट. तेव्हा शोध घेणाऱ्याने बॅटरीच्याही आधी थर्मामीटर हातात घ्यावा.

तापमानाच्या खालोखाल महत्त्व स्पर्शाचे. सापाला अंगाला सर्व बाजूंनी काहीतरी टेकलेले हवे असते. मोकळ्या फरशीच्या मधोमध तो थांबत नाही. भिंतीच्या कडेने जातो आणि पाठीला आणि पोटाला एकाच वेळी स्पर्श होईल अशी फट भेटली की तीत शिरतो. म्हणून रिकाम्या मोठ्या कपाटापेक्षा पुस्तकांच्या ओळीमागची दोन बोटे जागा, घडी घातलेल्या चादरींचा थर, बुटाचे टोक, सोफ्याच्या तळाचे फाटलेले अस्तर या जागा त्याला अधिक आवडतात. डोके मावले की बाकीचे अंग बहुधा मागोमाग जाते, त्यामुळे ‘एवढ्याशा फटीत कसा जाईल?’ असे म्हणून कोणतीही फट सोडू नये. आणि सर्वांत आधी पेटीच नीट तपासावी. तळाच्या भुशात किंवा पाण्याच्या भांड्याखाली साप शांतपणे पडलेला आणि सारे घर उलथेपालथे, असे प्रकार घडतात.

साप शेवटचे कधी जेवला होता, हेही विचारायला हवे. हा प्रश्न घाबरलेल्या घरात सहसा कुणी विचारत नाही, पण उत्तर मोलाचे असते. उंदीर गिळलेल्या सापाला तो पचवण्यासाठी उष्णता लागते. अंग थंड राहिले तर पचन मंदावते आणि तो अन्न ओकूनही टाकतो. त्यामुळे नुकताच जेवलेला साप उबेच्या जवळ आणि पेटीपासून फार दूर नसण्याचा संभव जास्त. उपाशी साप मात्र हिंडतो. कात टाकण्याच्या बेतात असलेला साप डोळे धुरकटल्यामुळे दडून बसतो आणि ओलावा शोधतो. त्याच्यासाठी न्हाणीघर आधी पाहावे. नर असेल आणि वसंत ऋतू असेल तर त्याच्या भटकंतीला जोर येतो. हवा तापली की एकूणच सापांची चपळाई वाढते. ब्रिटनमधील आरएसपीसीए ही प्राणिरक्षक संस्था उन्हाळ्यात सापाच्या पेट्यांची झाकणे घट्ट लावा असे सांगत आली आहे, ते याचसाठी.

हाका मारण्याचा अर्थातच उपयोग नाही. सापाला बाहेरचा कान नसतो, कानाचा पडदाही नसतो. पण तो ठार बहिरा असतो हा समजही खरा नव्हे. डॅनिश संशोधकांनी २०१२ साली बॉल पायथन या आफ्रिकी अजगरावर प्रयोग करून दाखवले, की ८० ते १६० हर्ट्झच्या दरम्यानची कंपने त्याला उत्तम जाणवतात आणि हवेतून आलेला आवाज तो कवटीच्या थरथरीतून टिपतो. जमिनीतून येणारी थरथर तर त्याला फारच चांगली कळते. म्हणजे ज्या घरात दहा माणसे धावपळ करत आहेत आणि कपाटे सरकवत आहेत, त्या घरात साप फटीतून बाहेर येणारच नाही. सरकवलेल्या कपाटाखाली तो चिरडण्याची भीती आहे ती वेगळीच. सोफ्यावर बसू नये, धुलाईयंत्र आत पाहिल्याशिवाय चालू करू नये, उंदरांसाठी लावलेले चिकट कागद उचलावेत, मांजर दुसरीकडे ठेवावे, खोल्यांची दारे लावून दारांखाली कापडाच्या गुंडाळ्या दाबाव्यात आणि घर शांत होऊ द्यावे.

मग रात्रीचे काम सुरू होते. कॉर्न स्नेक हा मुख्यतः संधिप्रकाशात आणि रात्री हिंडणारा साप आहे. दारांच्या उंबऱ्याशी आणि भिंतीच्या कडेने पिठाचा किंवा टाल्कम पावडरचा पातळ पट्टा ओढून ठेवतात. सकाळी त्यात नागमोडी रेघ उमटली असेल तर साप कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत गेला ते कळते. सरडा-पालीच्या जातीचा प्राणी असेल तर बोटांचे ठसे आणि मधून शेपटीची रेघ दिसते. काही जण भिंतीलगत चुरगाळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवतात आणि अंधारात त्यांची सळसळ ऐकत बसतात. आम्हाला सर्वांत पटणारी युक्ती अशी : थंडीचे दिवस असतील तर घरातले इतर तापवणारे स्रोत शक्य तेवढे बंद करावेत आणि सापाची नेहमीची लपण्याची डबी, खाली तापमान-नियंत्रक लावलेली गरम गादी आणि शेजारी पाणी, हे सारे जमिनीवर भिंतीला टेकवून मांडावे. घरात ऊब आणि आडोसा दोन्ही मिळतील अशी एकच जागा उरली, की साप शोधण्याऐवजी आपण सापाला शोधायला लावतो.

प्राणी बदलला की नकाशा बदलतो. अफगाणिस्तान-पाकिस्तानकडची आणि वायव्य भारतातही आढळणारी लेपर्ड गेको ही पाल परदेशात फार लोकप्रिय आहे. तिच्या बोटांना आपल्या घरच्या पालीसारख्या चिकट गाद्या नसतात, त्यामुळे ती गुळगुळीत भिंत चढू शकत नाही. ती हरवली तर छताकडे पाहण्यात अर्थ नाही, जमिनीलगतच शोधायचे. न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या क्रेस्टेड गेकोला मात्र अशा गाद्या असतात. ती पडद्याच्या दांडीवर किंवा कपाटाच्या माथ्यावर असू शकते, आणि तिला बेताचाच गारवा आवडत असल्यामुळे हीटरजवळ सापडणार नाही.

किती दिवस आशा ठेवावी? कुत्रा-मांजर चार दिवस दिसले नाही तर काळजाचा ठोका चुकतो. सापाबाबत एवढी घाई नको. अंगाची उष्णता टिकवण्याचा खर्च नसल्यामुळे विश्रांत सरीसृपाला लागणारी ऊर्जा त्याच आकाराच्या सस्तन प्राण्याच्या, ढोबळमानाने, दहाव्या हिश्शाइतकीच असते. निरोगी, प्रौढ कॉर्न स्नेक कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो. पाण्याची गरज त्याआधी भासते, म्हणून जागोजागी उथळ पाणी ठेवावे. पिल्लाला मात्र इतकी सवलत नसते.

या संदर्भात रिओ द जानेरोहून २०१३ साली आलेली एक बातमी जगभर गाजली. तिथल्या एका कुटुंबाचे लाल पायांचे कासव १९८२ मध्ये घराचे काम चालू असताना नाहीसे झाले होते. कामगारांनी फाटक उघडे ठेवले होते, तेव्हा ते बाहेर गेले असे सर्वांनी धरून चालले. तीस वर्षांनी माळ्यावरची अडगळ काढताना जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या खोक्यात ते जिवंत सापडले. वाळवी खाऊन जगले असावे, असा एका पशुवैद्याचा तर्क होता. हे खरे मानावे का? कासव तेच होते, याला पुरावा काय? विद्यार्थ्यांपुढे ही बातमी ठेवून कोणकोणत्या खुणा मिळाल्या तर खात्री पटेल याची चर्चा जरूर घडवावी. आमचे लक्ष मात्र फाटकाकडे जाते. फाटक उघडे दिसले आणि घरातला शोध थांबला.

आपल्याकडे तारा कासव, घोरपड, नाग, अजगर असे आपले वन्य प्राणी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. विदेशी प्राण्यांच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी घरी असतील तर त्यांची नोंदणी करावी लागते. त्याचे नियम २०२४ मध्ये निघाले. तरीही आपल्या शहरांतल्या घरांत हमखास भेटणारा एक सरीसृप आहे : मत्स्यालयाच्या दुकानात रुपयाएवढे मिळणारे, कानामागे लाल पट्टा असलेले अमेरिकी कासव. ते टबातून निसटले तर पलंगाखाली, फ्रिजमागे अंधारात जाते. रात्री पंखे बंद केले की फरशीवर नखांचा खरखर आवाज ऐकू येतो. त्याला पाण्याबाहेर घास गिळता येत नाही, म्हणून जमिनीवर खाऊ टाकून ठेवणे व्यर्थ. पसरट ताटात पाणी ठेवावे. सापडल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. आणि कंटाळा आला म्हणून ते तळ्यात सोडणे तर अजिबात नको. स्थानिक कासवांचे अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावणारा हा प्राणी जगातल्या उपद्रवी शंभर परकीय जातींच्या यादीत आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वर सांगितलेल्या युक्त्या ओळखीच्या, बिनविषारी, पाळीव प्राण्यासाठी आहेत. आपल्या घरात बाहेरून साप शिरला तर फटीत हात घालणे जिवावर बेतू शकते. पालींमागे येणारा निरुपद्रवी कवड्या आणि अतिविषारी मण्यार यांच्यात अनुभवी माणसेही क्षणभर गोंधळतात. अशा वेळी लांब उभे राहून साप कुठे जातो यावर नजर ठेवावी, मुलांना बाहेर काढावे आणि वनविभागाला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे.

वर्गासाठी मात्र साप लागत नाही. मुलांनी आपापल्या घरातल्या दहा जागांचे तापमान सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता मोजावे : फरशी, कपाटाचा माथा, फ्रिजची मागची बाजू, मोरी, माळा, खिडकीची चौकट. एकच थर्मामीटर सगळीकडे फिरवावा आणि प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे ठेवावा. मग २८ अंश हवे असलेला प्राणी प्रत्येक वेळी कुठे असेल ते आराखड्यावर मांडावे. पडताळा घ्यायला घरची पाल आहेच. रात्री ती ट्यूबलाइटपाशी असते. दिवसा कुठे असेल याचा अंदाज आराखडा पाहून आधी लिहून घ्यावा आणि दुपारी बॅटरीने तिथे पाहावे. पालीला हात लावू नये, शेपूट तुटते. थंडीच्या महिन्यात एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा असे दोनदा केले, तर पालीने जागा बदलली की नाही हे मुलांना स्वतःच सांगता येईल.