गंधकाम्लाची तहान

ज्या द्रव्यांवांचून उद्योगधंद्यांचें पानही हालत नाहीं, त्यांत गंधकाम्लाचें स्थान फार वरचें आहे. शुद्ध स्थितींत तें पाण्यासारखें निर्मळ, तेलासारखें दाट आणि पाण्याच्या १.८४ पट जड असतें. पूर्वी हिराकस भट्टींत तापवून तें काढीत. १७४६ सालीं जॉन रोबक यानें बर्मिंगहॅम येथें शिशाच्या कोठड्यांत तें बनविण्यास आरंभ केला आणि तें स्वस्त झालें.

या अम्लाचे बहुतेक गुण-अवगुण एकाच गोष्टींतून उद्भवतात. ती म्हणजे त्याची पाण्याची तहान. साखरेवर तीव्र गंधकाम्ल ओतलें असतां तें तिच्यांतील हायड्रोजन व ऑक्सिजन पाण्याच्या रूपानें ओढून घेतें, आणि मागें काळा, फुगलेला कोळसा उरतो. लाकूड, सुती कापड व मनुष्याची त्वचा हींही त्याच्या स्पर्शानें करपतात. हीच तहान कारखानदाराच्या मात्र कामीं येते. ओलसर वायु या अम्लांतून नेऊन कोरडे करतात. रंग व स्फोटकें बनवितांना तें नत्राम्लांत मिसळतात, कारण क्रियेंत उत्पन्न होणारें पाणी तें शोषून घेतें.

गंधकाम्लाचा सर्वांत मोठा खप खतांच्या कारखान्यांत होतो. फॉस्फेटयुक्त खडक पाण्यांत विरघळत नसल्यामुळें पिकांस त्याचा फारसा लाभ होत नाहीं. गंधकाम्लाच्या क्रियेनें त्यांतील फॉस्फेट विरघळण्याजोगें होतें. अशा सुपरफॉस्फेट खताचें पेटंट इंग्लंडांत जॉन बेनेट लॉज यानें १८४२ सालीं घेतलें. आज फॉस्फरिक अम्ल व त्यापासून होणारीं खतें यांसाठींच बहुतांश गंधकाम्ल खर्ची पडतें.

प्रयोगशाळेंत एक नियम कटाक्षानें पाळतात : पाण्यांत अम्ल घालावें, अम्लांत पाणी कधींही घालूं नये. दोहोंच्या मिश्रणांत प्रचंड उष्णता निर्माण होते. हलकें पाणी जड अम्लावर पडलें, तर तें वरच्या वर उकळून अम्लाचे शिंतोडे उडवितें. उलट, पुष्कळ पाण्यांत अम्लाची बारीक धार ढवळीत सोडली, तर उष्णता सर्वत्र विभागली जाते.

मग घरांतील इन्व्हर्टरच्या बॅटरींत पाणी कसें घालतात, अशी शंका येणें साहजिक आहे. बॅटरींतील अम्ल वजनानें सुमारें एक-तृतीयांश असतें, बाकीचें पाणीच. म्हणजे त्याची तहान आधींच पुष्कळशी भागलेली असते. वापरांत पाणी तेवढें उडून जातें व अम्ल मागें राहतें. म्हणून बॅटरींत डिस्टिल्ड वॉटरच घालावें, अम्ल नव्हे. मात्र हें सौम्य अम्लही डोळ्यांस घातक आहे, आणि कपड्यावर सांडून वाळूं लागलें कीं पुन्हां तीव्र होऊन कापड खातें.

अम्ल अंगावर उडाल्यास भिजलेला कपडा तत्काळ काढावा आणि ती जागा वाहत्या पाण्याखालीं निदान वीस मिनिटें धरावी. सोडा किंवा चुना लावूं नये. त्या क्रियेनेंही उष्णता निर्माण होते. डोळाही तसाच धुवावा व विलंब न लावतां डॉक्टरांकडे जावें. अम्लास पाणी थोडें मिळालें तर तें खवळतें, भरपूर मिळालें तर शमतें. एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ अनर्थ टळतील.